हेडफोनच्या आतलं ओरडणं

"मॅडम, ह्येच्या कानात शिट्टी वाजतीया म्हनतोय," वडील म्हणाले. मुलगा माझ्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाकडे बघत बसला होता, बोलायला तयार नव्हता. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कुटुंब मूळचं विट्याकडचं, सोन्याचांदीची गलाई करणारं. खानापूर-आटपाडी भागातली अशी कितीतरी घरं दोन-तीन पिढ्यांपूर्वी भट्टी आणि मूस घेऊन दक्षिणेत उतरली आणि तिथलीच झाली. इथे म्हैसूरमध्ये त्यांची मुलं रस्त्यात कानडी, घरात माणदेशी मराठी आणि मोबाइलवर खेळताना हिंदी बोलतात. या मुलाचं वय १७. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी मिरजेची. ऐंशीच्या दशकात इथल्या मानसगंगोत्रीतल्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत शिकायला आले आणि परत गेले नाही. चाळीस वर्षं लोकांचे कान तपासते आहे. पूर्वी कानात शिट्टी वाजते म्हणून येणारी माणसं साठीच्या पुढची असत, नाहीतर कारखान्यात यंत्रांपाशी उभी राहणारी. १७ वर्षांचं पोर आलं की मी आधी कानात मळ आहे का बघते, मग सर्दीची चौकशी करते. याला दोन्ही नव्हतं.

ध्वनिरोधक खोलीत बसवून तपासणी केली. कानावर हेडफोन, हातात बटण, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. सगळ्या पट्ट्यांवर मुलगा चोख होता. ४००० हर्ट्झवर मात्र उजव्या कानात ३० डेसिबलपर्यंत आवाज चढवावा लागला. आलेखावर तेवढ्याच जागी रेघ खड्ड्यात उतरल्यासारखी खाली येते आणि पुढे पुन्हा वर चढते. मोठ्या आवाजाने कान झिजायला लागला की बहुतेक वेळा सुरुवात याच ठिकाणी होते.

"किती तास खेळतोस?"

"सात-आठ. बूटकॅम्प असला की बारा."

बूटकॅम्प म्हणजे संघाचं सरावाचं शिबिर, आणि खेळ म्हणजे बीजीएमआय. पबजी मोबाइलवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२१ च्या जुलैत तो या नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा ॲप स्टोअरवरून उतरला आणि २०२३ मध्ये परत सुरू झाला. १८ च्या आतल्यांना त्यात दिवसाला ३ तासांची मर्यादा घातलेली आहे. या मुलाचं खातं काकांच्या नावावर आहे. तो चार जणांच्या एका संघात आहे. संघाला कोच आहे, थोडंफार मानधन आहे, आणि बाकीचे तिघे तीन वेगवेगळ्या राज्यांत आहेत. त्यांनी एकमेकांना प्रत्यक्ष दोनदाच पाहिलंय.

मला या खेळाबद्दल आदर आहे, हे आधीच सांगते. चार-चार जणांचे सोळा संघ, म्हणजे ६४ खेळाडू, एका बेटावर उतरतात, खेळायचा प्रदेश, म्हणजे झोन, आकसत जातो, आणि त्या सगळ्या गदारोळात भिंतीपलीकडची पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, हे मुलगा कानाने ओळखतो. उजव्या बाजूचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने नंतर. मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा काढतो. हे कसब आहे, आणि ते मेहनतीनेच येतं. ज्या घरात "दिवसभर मोबाइल घेऊन बसतो" एवढंच बोललं जातं, त्या घरात मुलाचं काम कुणी पाहिलेलंच नसतं.

पावलं ऐकायची म्हणून तो आवाज चढवतो, आणि बंदुकांचे बार मग त्याच चढवलेल्या आवाजात कानावर पडतात. हे मला अपेक्षित होतं. जानेवारी २०२४ मध्ये बीएमजे पब्लिक हेल्थ या नियतकालिकात १४ अभ्यासांचा, ५० हजारांहून जास्त माणसांचा आढावा प्रसिद्ध झाला. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे कान बऱ्याचदा सुरक्षित मर्यादेपलीकडचा आवाज सोसतायत, असं त्यात दिसलं. मार्च २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी गेमिंग आणि ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित श्रवणाचं मानकही जाहीर केलं. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना ७५, हा ढोबळ हिशेब. दर ३ डेसिबलला वेळ निम्म्यावर येतो. मुलाला हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि एकदम म्हणाला, "गेमचा आवाज कमी करता येईल. सरांचा नाही करता येणार."

मग त्याने मोबाइल उघडून दाखवलं. डिस्कॉर्ड नावाच्या ज्या ॲपवर हे सगळे एकमेकांशी बोलतात, त्यात प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मित्रांचा त्याने १०० वर ठेवला होता. कोचचा २००, म्हणजे शेवटच्या टोकाला.

"का रे?"

"एखादा शब्द सुटला तर सर परत पहिल्यापासून सुरू करतात."

वडील हसले. "कडक हायत सर. तसंच पायजे मॅडम. तापल्याशिवाय काय सुधारतंय?"

कान कशाने झिजला, याचं उत्तर मी कोचवर ढकलणार नाही. तो झिजला बंदुकांच्या बारांनी आणि बारा-बारा तासांनी. कोचच्या आवाजाने मुलाचं आणखी काही झिजतंय का, ते मात्र मला बघायचं होतं. मी म्हटलं, मला ऐकव. सामना झाला की कोच रेकॉर्डिंग लावून चुका दाखवतो, त्याला ही मुलं रिव्ह्यू म्हणतात, आणि तो रिव्ह्यूही रेकॉर्ड केलेला असतो. मुलाने वडिलांकडे पाहिलं. वडिलांना दुकानात जायची घाई होती. ते गेले. मग एका वायरीला दोन हेडफोन जोडून आम्ही दोघांनी तो ऐकला.

पहिली १०-१२ मिनिटं ऐकून मला बरं वाटलं. कोच विशी-बाविशीचा असावा, स्वतः खेळलेला. प्रत्येक ठिकाणी थांबवून नेमकं सांगत होता. झोन उत्तरेला सरकतोय हे कळल्यावरही घर का सोडलं नाही? ग्रेनेड दीड सेकंद उशिरा का टाकला? दोघंजण एकाच खिडकीत का? आवाज कडक होता, कौतुक शून्य, पण प्रत्येक वाक्यातून मुलांच्या हाती काहीतरी लागत होतं. असं शिकवणारा मिळाला तर पोरांनी दोन तास मान खाली घालून ऐकावं.

मग या मुलाची चूक आली, आणि आवाज बदलला. चूक काय होती ते दोन वाक्यांत संपलं. त्यानंतरची २३ मिनिटं खेळाबद्दल नव्हतीच. तुझ्या जागेवर बसायला दोनशे जण तयार आहेत. तू आलास कुठून? तुझ्या तोंडाकडे बघून कळतं तुझ्याने काय होणार. आणि मग आई, तिच्याबद्दलची ती हिंदी शिवी, पुन्हा पुन्हा, स्वल्पविरामासारखी. बाकी तिघांपैकी एक मध्येच हसला. मुलगा फक्त "जी सर" म्हणत होता. धंद्याची सवय म्हणून मी मोजलं: ३१ वेळा. पहिला "जी सर" भरल्या आवाजातला होता. शेवटचे आठ-दहा नुसते श्वास होते.

वेळ विचारली. रात्री सव्वा वाजताची. खोलीचं दार बंद, कानावर हेडफोन, शेजारच्या खोलीत आई झोपलेली. त्या माउलीने दार उघडून आत डोकावलं असतं तरी तिला काय दिसलं असतं? मुलगा शांत बसलाय, मधूनमधून "जी सर" म्हणतोय, अभ्यासू पोरासारखा.

या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. कडक कोच असावा की नसावा, यावर भरपूर बोललं जातं आणि पुढेही बोललं जाईल. आपल्याकडे कडक गुरूंची परंपरा आहे, तिचा अभिमानही आहे. पण त्या परंपरेतलं ओरडणं सगळ्यांना ऐकू यायचं. हेडफोनमधलं ओरडणं एकाच माणसाला ऐकू येतं, आणि तो माणूस १७ वर्षांचा असतो.

माझे वडील मिरजेच्या तालमीत जायचे. वस्ताद पहाटे चारला हौद्यावर हजर, माती स्वतः उकरणार, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती स्वतः मळणार, आणि पाच मिनिटं उशिरा आलेल्याच्या पोटरीवर वेताची छडी. वडिलांच्या उजव्या हाताचं एक बोट शेवटपर्यंत सरळ झालं नाही. तालमीत सगळं चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. रडत घरी गेलेली आणि परत न आलेली पोरंही वडील सांगायचे. पण वस्ताद कुणाला काय बोलला, ते हौद्यातल्या चाळीस जणांना कळायचं, दाराबाहेर दूध घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळायचं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला कळायचं. वस्ताद जास्त बोलला असेल तर एखादा म्हातारा पैलवान पारावर त्याला सांगायचा, पोराला आज लई लागलं बरं का. तेवढं पुरायचं. म्हैसूरमध्येही गरडी मने आहेत, म्हणजे तालमीच. तांबड्या मातीचे हौदे, वर मारुतीचा फोटो. दसऱ्यात दोड्डकेरे मैदानाच्या आखाड्यात कुस्त्या लागतात तेव्हा उस्ताद कडेला उभा राहून गळा फाटेस्तोवर ओरडतो, आणि त्याचा शब्दन् शब्द आपल्याला कानडी येत असो वा नसो ऐकू येतो.

विजयादशमीला इथल्या राजवाड्याच्या आवारात जट्टी लोकांची वज्रमुष्टी होते. मुंडण केलेले दोन मल्ल, मुठीत काटेरी आयुध. याहून कठोर खेळ मी पाहिलेला नाही. आणि त्याचा नियम असा की डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की झुंज संपली. थेंब सगळ्यांना दिसतो. थांबवणाऱ्याला विचार करावा लागत नाही.

कोचची बाजू घेणारे आई-वडील माझ्यापुढे हमखास आचरेकर सरांचं नाव काढतात. रमाकांत आचरेकरांनी सचिनला मारलेली थप्पड महाराष्ट्राला पाठ आहे: स्वतःचा सराव सामना सोडून शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला वानखेडेवर गेला म्हणून बसली, हातातला डबा उडून पडला. २९ वर्षांत सर मला एकदाही "वेल प्लेड" म्हणाले नाहीत, असं सचिनने नोव्हेंबर २०१३ मध्ये निरोपाच्या भाषणात वानखेडेवरच सांगितलं. ते ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण थप्पड लक्षात ठेवणारे स्कूटर विसरतात. आचरेकर सर पोराला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात दोन-दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे: बाद करणाऱ्याला मिळेल, नाबाद राहिलास तर तुझं. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. शिवाजी पार्कावर हे सगळं उघड्यावर चालायचं, शेकडो डोळ्यांसमोर. सरांनी काय दिलं आणि काय घेतलं, याचा हिशेब मैदानावरच्या भेळवाल्यालाही मांडता आला असता.

रात्री सव्वाच्या त्या २३ मिनिटांचा हिशेब कोण मांडणार? मी आवाजाच्या शास्त्रातली आहे, म्हणून त्या भाषेत सांगते. मैदानावर ओरडणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. माणूस दोन पावलं मागे सरकतो, तोंड फिरवतो, दुसऱ्याच्या आडोशाला जातो. हेडफोनमधल्या आवाजाला अंतर नसतं. तो कानाच्या पडद्यापासून बोटभर लांब असतो आणि तिथेच राहतो. डोळे मिटता येतात. कान मिटत नाहीत.

मी हे सांगते आहे, पण एके काळी बंद दाराआड ओरडणारी मीच होते. शिकून नुकतीच कामाला लागले होते. सहा वर्षांची एक मुलगी यायची, जन्मापासून कमी ऐकणारी, नवीनच श्रवणयंत्र लावलेली. ती साखरेला "सक्करे"ऐवजी "अक्करे" म्हणायची. "स" चा आवाज वरच्या पट्टीत असतो, अशा मुलांना तो सगळ्यात उशिरा सापडतो. मला तो महिन्याभरात काढून दाखवायचा होता. दार लावून घ्यायचे आणि "परत म्हण" सुरू. एका बैठकीत चाळीस-चाळीस वेळा. माझा आवाज चढायचा. तिला ऐकू यावं म्हणून चढवतेय अशी मी स्वतःची समजूत घालायचे. तीन आठवड्यांनी ती माझ्या खोलीत बोलायचीच बंद झाली. घरी बोलत होती, रिक्षात बोलत होती. माझ्या खोलीत नाही.

माझ्या वरिष्ठ बाईंनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलीच्या आईला आत बसवलं. बस, एवढंच. मी काही ठरवलं नव्हतं, मला पश्चात्तापही अजून झालेला नव्हता, पण आई समोर बसल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. चाळीस वेळांचे दहा झाले. "स" यायला पाच महिने लागले, आणि आला. त्या मुलीला मी गप्प केलं होतं, हे मला आई आत आल्यावर कळलं, त्याआधी नाही. कोचही वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात, त्यांना खेळाबरोबर खेळाडूचं मन आणि शरीरही शिकवलं जातं. या कोचला कुणी काय शिकवलं? तो परवापर्यंत स्वतः खेळत होता, त्याच्याही कानात कुणीतरी असंच ओरडलेलं असणार, आणि उद्या संघ हरला तर त्याचीही जागा जाणार आहे. त्याच्या खोलीतही आई बसलेली नाही.

ई-स्पोर्ट्सच्या जगाला कोचच्या बोलण्यावर नियम घालता येत नाहीत, असं मुळीच नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ सालीच ठरलं की सामना चालू असताना कोचने खेळाडूंशी बोलायचं नाही, फक्त टाइमआउटसारख्या ठरलेल्या थांब्यांत बोलायचं. लीग ऑफ लेजंड्समध्ये पात्रांची निवड संपली की कोचने मंचावरून उतरायचं, अशी रीत पडली. २०२० मध्ये काउंटर-स्ट्राइकमधल्या तांत्रिक दोषाचा फायदा घेऊन प्रतिस्पर्ध्याची बाजू बघितली म्हणून ३७ कोचांवर एकदम बंदी आली. म्हणजे कोचने काय बघायचं आणि कधी बोलायचं, हे सामना स्वच्छ राहावा म्हणून सेकंदांच्या हिशेबात बांधलेलं आहे. त्याच कोचने सराव संपल्यावर रात्री एक वाजता अल्पवयीन मुलाला काय बोलावं, ते मात्र संघाच्या मर्जीवर.

दक्षिण कोरिया या खेळांचं कोल्हापूर आहे म्हणा. तिथे २०१९ मध्ये ग्रिफिन नावाच्या नामांकित संघाचे माजी कोच किम दे-हो यांच्यावर खेळाडूंना शिवीगाळ केल्याचा आणि त्यांच्याशी हिंसक वागल्याचा ठपका आला आणि बेमुदत बंदी घातली गेली. लोक खवळले, पण बंदीविरुद्ध. कारण त्याच संघाने एका अल्पवयीन खेळाडूला कसल्या करारात अडकवलं होतं, ते याच कोचने जगासमोर आणलं होतं. बंदी स्थगित करावी लागली. पुढच्या वर्षी कोरियात खेळाडूंसाठी प्रमाणित कराराची तरतूद कायद्यात आली. मला हे प्रकरण फार बोलकं वाटतं. करार कागदावर होता, म्हणून संसदेपर्यंत गेला आणि दुरुस्त झाला. आवाज कागदावर नव्हता. तो कोच पोरांसाठी भांडणारा होता की पोरांवर हात उगारणारा, यावर लोक भांडत राहिले. दोन्ही एकाच माणसात असू शकतं हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

त्याच देशात जून २०२० मध्ये चोई सुक-ह्यन या २२ वर्षांच्या ट्रायथलॉन खेळाडूने जीव दिला. तिने आधी अनेक ठिकाणी तक्रारी केल्या होत्या. कोच आणि सहकाऱ्यांच्या छळाचं ध्वनिमुद्रण तिने स्वतः करून ठेवलं होतं. ती गेल्यावर ते देशाने ऐकलं, आणि मग कोच तुरुंगात गेला. रेकॉर्डिंग होतं. वेळेत ऐकणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे आता कायद्याची जागा तयार झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत पदकांसाठी भारतीय मुलं खेळली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पैशाचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स वेगळे केले गेले. त्याच महिन्यात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही आला, आणि त्यात अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. हे धोरण लिहिताना कुस्ती, पोहणं, जिम्नॅस्टिक्स डोळ्यांसमोर येणार: वसतिगृह, कपडे बदलायच्या खोल्या, प्रवास. ज्या खेळात कोच आणि खेळाडू एका राज्यातसुद्धा नसतात, त्याचा विचार कुणीतरी मुद्दाम करावा लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली, त्याला १५ वर्षं उलटली. तेव्हाही म्हणत होते, छडीशिवाय पोरं शिकणार नाहीत.

माझं मागणं छोटं आहे. १८ च्या आतला खेळाडू असेल तर कोचचा प्रत्येक रिव्ह्यू ऐकण्याचा हक्क एका मोठ्या माणसाला असावा. आई, मामा, शाळेतले सर, जो मुलगा सांगेल तो. रोज ऐकावं असंही नाही; कधीही ऐकू शकतो एवढं कोचला माहीत असलं की पुरे. रेकॉर्डिंग संघ करतातच, नवीन यंत्र लागत नाही. डावपेच फुटतील म्हणून संघ कुरकुरतील. तर ते रेकॉर्डिंग स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने नेमलेल्या, संघांशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. आणि अल्पवयीन मुलाचा करार आपल्या कायद्यात त्याच्या सहीने होतच नाही, १८७२ पासून होत नाही. सही पालक करतात. मग ज्याची सही, त्याला कान नको का? पालकांनी सही करण्याआधी ही एक ओळ करारात मागावी, यासाठी दिल्लीच्या धोरणाची वाट बघायची गरज नाही. सोबत दर सहा महिन्यांनी श्रवण तपासणी आणि रात्री अकरानंतर रिव्ह्यू बंद, हेही मागावं. पण पहिली ओळ मिळाली तर बाकीच्या दोन मागून येतील.

हे मी आधी त्या मुलालाच सांगितलं होतं. तो दचकला. "आई ऐकतीय म्हटल्यावर सर बोलणारच नाहीत मॅडम."

"ग्रेनेडचं बोलतील की. झोनचं बोलतील. ते आईला ऐकवायला काय हरकत आहे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिला हिंदी कळतं."

त्याच्या वडिलांना मी दुसऱ्या भेटीत एकच विचारलं, मूस भट्टीत ठेवून तुम्ही बाहेर जाता का? ते म्हणाले, "छ्या! नजर हटली की घट आली." पुढे मी काही बोलले नाही, तेच खुर्चीत सावरून बसले आणि मुलाचा मोबाइल मागून घेतला. पाच मिनिटं ऐकलं असेल. हेडफोन काढून ठेवला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

दिवाळीनंतर संघाने मुलाला काढलं. कारण कामगिरीचं दिलं, आणि तेच खरंही असेल. खेळात हे होतं. तो आता दुसऱ्या तिघांबरोबर खेळतो. त्यांना अजून कोच नाही. रिव्ह्यू आपापसात करतात, संध्याकाळी, स्पीकरवर. आई लसूण सोलत तिथेच बसलेली असते, आणि झोन म्हणजे काय ते तिला आता कळायला लागलंय.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा तपासणीला आला. शिट्टी कमी झाली आहे, रात्री झोप लागते. ध्वनिरोधक खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. २५०, ५००, १०००, २००० हर्ट्झ झाले, एकही चुकलं नाही. ४००० वर २० डेसिबलचा आवाज सोडला. काचेपलीकडे तो डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होता, पावलं ऐकताना बसतो तसाच. बोट बटणावर तयार. काहीच झालं नाही. मी ५ डेसिबलने चढवलं. मग आणखी ५ ने. तेव्हा त्याचं बोट हललं.